पिनाकिनभाईंचं मोळाकत

पिनाकिनभाई पंड्यांनी मुलीवर ओरडायचं नाही असं ठरवलं, ही बातमी सुरम्य सोसायटीत खुद्द पिनाकिनभाईंच्या आधी पोचली. ते शाळेतल्या पालकसभेतून निघाले, वाटेत स्कूटरमध्ये पेट्रोल भरलं, आणि फाटकातून आत शिरतात तोच समोरच्या गॅलरीतून दक्षाबेननी विचारलं, "आता सकाळी उठायला आम्ही गजर लावायचा का, पिनाकिनभाई?" पिनाकिनभाईंना धक्का बसला. इतका आतला निर्णय बायकोने फोनवरून जगजाहीर करावा याचा, आणि आपला आवाज समोरच्या गॅलरीत गजराच्या कामी येत होता याचाही.

आवाजाचं असं होतं की नडियादच्या एसटी डेपोत चौकशीच्या खिडकीवर त्यांची उभी हयात गेलेली. इंजिनं धडधडताहेत, फेरीवाले केकाटताहेत, पुढे पंचवीस माणसं एकदम डाकोरची बस विचारताहेत, अशा ठिकाणी माणूस हळू बोलून जगत नाही. तोच आवाज ते घरी घेऊन यायचे. मीठ मागतानाही डाकोरची बस सुटल्याचा भास व्हायचा. बायकोला, भाविनीला, त्याची सवय झाली होती. आठ वर्षांच्या हेत्वीला झाली नव्हती, आणि हे पिनाकिनभाईंना मुळी ठाऊकच नव्हतं.

ते कळलं एका साध्या संध्याकाळी. पिनाकिनभाई खुशीत होते, चहा पीत होते, आणि त्यांनी लेकीला प्रेमाने विचारलं, "काय गं, आज काय केलंस?" हेत्वी हातातली बाहुली खाली ठेवून उभी राहिली, भिंतीला टेकली आणि म्हणाली, "काही नाही, पप्पा. मी काहीच नाही केलं."

चहा तसाच राहिला. आपण मुलीची चौकशी करत होतो आणि तिने जबानी दिली, हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग त्यांना एकेक आठवायला लागलं. ते आले की ती आतल्या खोलीत जायची. शाळेतल्या गमती आईला सांगायची, आणि ते दारात दिसले की गोष्ट मधेच थांबायची. स्वतःच्या घरात आपण पोलीस झालोय, याने ते मनापासून हादरले. पोरगी आपल्याला घाबरते, आणि हे पुसून काढायचंच, एवढं एकच त्यांनी धरलं. त्यापायी ते आयुष्यात पहिल्यांदा पालकसभेला गेले.

सभेत शिवांगी मॅडम नावाच्या तिशीतल्या समुपदेशक होत्या. त्यांनी सांगितलं, मूल रागावलं की आपण रागवायचं नाही. त्याच्या उंचीवर यायचं, डोळ्यांत बघायचं आणि त्याच्या रागाला शब्द द्यायचे: तुला राग आलाय, मला कळतंय. लगेच उपाय सांगत सुटायचं नाही. यापुढेही मॅडमनी काहीतरी फार महत्त्वाचं सांगितलं म्हणतात, पण तेवढ्यात कुणाची तरी गाडी पिनाकिनभाईंच्या स्कूटरला आडवी लागल्याची घोषणा झाली आणि ते बाहेर गेले.

मुहूर्त असा निघाला की त्याच आठवड्यात मुलींचं मोळाकत आलं. आषाढातले पाच दिवस सोसायटीतल्या झाडून साऱ्या चिमुरड्या नटूनथटून, टोपलीत उगवलेले जवारे, म्हणजे गव्हाचे हिरवे कोंब, घेऊन गोरमाच्या, म्हणजे गौरीच्या, पूजेला जातात आणि पाचही दिवस अळणी खातात. मिठाचा कणही नाही. गव्हाची भाखरी, दूध, फळं, संपलं. पौर्णिमेनंतर सजवलेल्या टेम्पोत बसून, गाणी म्हणत नदीवर जायचं आणि जवारे सोडायचे. चांगला नवरा मिळावा म्हणून हे व्रत असतं. हेत्वीला नवऱ्याशी काडीचं देणंघेणं नव्हतं, तिला टेम्पो हवा होता. गेल्या वर्षी ती तापाने फणफणली होती आणि टेम्पो तिने खिडकीतून पाहिला होता.

आता पाच दिवस अळणी खाणारी आठ वर्षांची मुलगी म्हणजे काय प्रकरण असतं ते ज्याच्या घरी असेल त्यालाच माहीत. पहिल्या दिवशी सकाळी, सोसायटीच्या फाटकात, सगळ्यांच्या देखत, चणियाच्या, म्हणजे घागऱ्याच्या, नाडीला गाठ बसली म्हणून हेत्वीने पाय आपटले. पिनाकिनभाईंनी दीर्घ श्वास घेतला आणि ते मुलीच्या उंचीवर आले. म्हणजे रस्त्यात उकिडवे बसले. बसताना त्यांच्या डेपोच्या पँटची मागची शिवण उसवली, आणि तिचा आवाज अख्ख्या सोसायटीने ऐकला. तरीही ते डोळ्यांत बघत म्हणाले, "तुला राग आलाय. मला कळतंय."

हेत्वीने त्यांच्याकडे संशयाने पाहिलं. मग आईला बाजूला घेऊन विचारलं, पप्पांना बरं नाही का.

सोसायटी मदतीला धावून आली. दक्षाबेनचं म्हणणं, मुलीच्या जातीला इतकं डोक्यावर बसवू नये, नंतर उतरत नाही. चेअरमन रमणीकभाई पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यांनी पाण्याला आणि पोरांना बांध लागतोच हे उदाहरणांसह पटवलं. आणखी एकाने बीपी तपासून घ्या म्हणून सुचवलं, कारण त्याचे मेहुणे असेच एकाएकी शांत झाले होते आणि मग थेट दवाखान्यात पोचले. पिनाकिनभाई मागे हात धरून, उसवलेली बाजू भिंतीकडे ठेवून, सगळ्यांचं ऐकून घेत होते. शांत माणसाला कुणीही काहीही सांगू शकतं, हा शोध त्यांना नवा होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दक्षाबेनकडे भजी तळली गेली. कांद्याची. वास गॅलरी ओलांडून सरळ हेत्वीच्या नाकात. तिने भाखरीचं ताट ढकललं, दूध ढकललं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. पिनाकिनभाई जवळ बसले. राग आलाय, कळतंय, सगळं म्हणून झालं. पण पोरीच्या डोळ्यांत पाणी बघितलं आणि त्यांचा जीव खालीवर झाला. लगेच उपाय करायचा नाही हे मॅडमचं वाक्य विसरून त्यांनी स्कूटरला लाथ मारली आणि ते बाबुभाई फरसाणवाल्याकडे गेले.

बाबुभाईंच्या दुकानात या दिवसांत वेफरचे दोन ढीग असतात. एक फराळी, म्हणजे एकादशी-चातुर्मासवाल्यांसाठी सैंधव मीठ घातलेला. दुसरा मोळी, म्हणजे या पोरींसाठी बिनमिठाचा. नडियादमधलं शेंबडं पोरही हा फरक जाणतं. पिनाकिनभाईंनाही तो माहीत होता, पण गर्दी होती, बाबुभाई कुणाशी तरी भांडत होते, आणि जन्मभर खिडकीच्या आतून उत्तरं दिलेल्या माणसाला खिडकीबाहेरून प्रश्न विचारायची सवय नसते. उपासाचं ते उपासाचं, असं म्हणून त्यांनी पाकीट उचललं.

हेत्वीने वेफर खाल्ली आणि तिचा चेहरा उजळला. दुसरी खाल्ली, तिसरी खाल्ली. पप्पांकडे बघून हसली, आणि तेवढ्या हसण्यावर पिनाकिनभाई ढगात पोचले. भाविनीला खुणेने सांगत होते की बघ, जमलं. निम्मं पाकीट संपलं असेल, तेव्हा हेत्वीचा हात तोंडाशी थांबला.

"पप्पा," ती हळूच म्हणाली, "यात मीठ आहे."

भाविनीने एक वेफर खाऊन पाहिली आणि ती मटकन खाली बसली. दक्षाबेन भज्यांची ताटली घेऊन आल्या होत्या, त्यांनी खात्री करायला दोन खाल्ल्या. त्यांच्या पाठोपाठ रमणीकभाई आले, त्यांनीही चाखली आणि मान हलवली. मग आणखी कोणी कोणी आलं, प्रत्येकाने मीठ आहे की नाही ते स्वतः पाहिलं, आणि पाकीट संपलं तेव्हा सगळ्यांचं एकमत झालं की व्रत मोडलं.

आणि मग हेत्वी रागावली. आत्तापर्यंतचे राग म्हणजे काहीच नव्हते. तिने रिकामं पाकीट फेकलं, बांगड्या काढून फेकल्या, आणि जमिनीवर पाय झाडत आक्रोश केला. टेम्पो गेला होता. पिनाकिनभाईंना जे एकच येत होतं ते त्यांनी केलं. उकिडवे बसले आणि डोळ्यांत बघत म्हणाले, "हेत्वी बेटा, तुला राग आलाय. मला कळतंय."

"मला राग आलाय ते मला माहीत आहे," हेत्वी किंचाळली. "तुम्ही मीठ का आणलंत ते सांगा."

याचं उत्तर पालकसभेत सांगितलं नव्हतं. निदान पिनाकिनभाईंच्या हजेरीत नव्हतं. त्यांनी पुन्हा एकदा, अधिक मऊ आवाजात, कळतंय म्हणून पाहिलं, तर तिने कानांवर हात ठेवले आणि ती कपाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत जाऊन बसली. ओरडल्यावर ती जिथे जायची तिथेच ती न ओरडताही गेली, हे बघून ते अगदी हतबुद्ध झाले.

दुसऱ्या दिवशी प्रकरण मोळाकत समितीपुढे गेलं. अशी समिती असते, आणि तिचे लेखी नियम असतात, कारण रमणीकभाईंना निवृत्तीनंतर दुसरं काम नव्हतं. गेल्या वर्षी दोन मुलींनी चोरून पाणीपुरी खाल्ली आणि वर टेम्पोत सगळ्यांत पुढे बसल्या, तेव्हापासून अळणी मोडलं तर टेम्पो नाही असा ठराव झालेला. पिनाकिनभाईंनी हात जोडून विनंती केली, पोरीची चूक नाही. समितीलाही दया आली. पण ठराव रद्द करायला सर्वसाधारण सभा लागते आणि सभेला सात दिवसांची सूचना लागते. मंदिरातल्या महाराजांना फोन लावला, तर ते म्हणाले पोरीला भूक लागली असेल, जाऊ द्या, गोरमा काही चेअरमन नाही. हे उत्तर रमणीकभाईंनी इतिवृत्तात घेतलं नाही.

शेवटी समितीनेच तोड काढली. सैंधव मीठ हे शास्त्राने मीठच नाही. ते खडकातून निघतं, म्हणजे तो दगड. आणि मुलीने दगड खाल्ला तर व्रत मोडत नाही. वाटलं तर तिने तीच वेफर थुंकून टाकली असंही लिहू. दक्षाबेननी थुंकताना पाहिल्याचं सांगायची तयारी दाखवली. पिनाकिनभाईंचे डोळे भरून आले. त्यांनी हेत्वीला पुढे केलं आणि रमणीकभाईंनी तिला गोड आवाजात विचारलं, तू थुंकलीस ना गं बेटा.

"नाही," हेत्वी म्हणाली. "मी गिळली. खूप छान लागत होती."

मग सगळे एकदम बोलायला लागले. एवढी समजूत कशी नाही, मोठ्यांचा मान कसा नाही, असल्या तोंडाळ मुलीला कोण करून घेणार. हेत्वीच्या मुठी वळल्या, पण ती रडली नाही. तिने फक्त बापाकडे पाहिलं. त्या नजरेत प्रश्न तोच होता, कालचा.

पिनाकिनभाई उठले. उकिडवे बसायचं त्यांना सुचलंच नाही. ते तिच्यासमोर फरशीवर सरळ मांडी घालून बसले, नव्याने शिवलेल्या पँटची पर्वा न करता.

"मी पाकीट वाचलं नाही," ते म्हणाले. "दोन ढीग होते, मी विचारलं नाही. चूक माझी आहे, हेत्वी. तू काहीच नाही केलंस."

हेत्वीने त्यांच्या खांद्यावर एक गुद्दा मारला. बऱ्यापैकी जोरात. मग दुसरा मारला, आणि तिसऱ्याला रडत त्यांच्या मांडीत शिरली. लहान असताना शिरायची तशी. पिनाकिनभाई हलले नाहीत. पाय बधिर झाला तरी हलले नाहीत. समितीने अवघडून पुढचा विषय घेतला, पाण्याच्या टाकीचा.

घरी आल्यावर तिने निकाल दिला. व्रत आजपासून पुन्हा पहिल्यापासून. पाच दिवस. आणि मीठ पप्पांनी आणलं, म्हणून पप्पांनीही करायचं.

भाविनीच्या हातातलं लाटणं खाली पडलं. पुरुषाने मोळाकत केल्याचं सबंध खेडा जिल्ह्यात कुणी ऐकलं नव्हतं. दक्षाबेननी गॅलरीतून विचारलं, पिनाकिनभाई, तुम्हाला नवरा कसा हवा, नोकरीवाला की धंदेवाला. डेपोत कळलं तेव्हा ड्रायव्हर मंडळींनी खिडकीवर रांग लावून मुलाच्या बाजूची माणसं आल्याचं सांगितलं. बाबुभाईंनी मोळी वेफरचं पाकीट स्वतः घरपोच आणून दिलं आणि वर मोठ्या अक्षरात मोळी लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. पिनाकिनभाईंची इभ्रत उभ्या जन्मात इतकी उतरली नव्हती. पण अळणी भाखरीचा घास ते खाली मान घालून गिळत राहिले, आणि समोर बसलेली हेत्वी त्यांच्या ताटावर लक्ष ठेवून होती.

टेम्पो गेला त्या सकाळी दोघं फाटकात उभे होते. झेंडूच्या माळा, गाणी, पुढच्या बाकावर त्या पाणीपुरीवाल्या दोघी. हेत्वी टाचा उंचावून बघत होती. पिनाकिनभाईंच्या ओठांवर ते वाक्य आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं आणि नुसता तिचा हात धरला. टेम्पो वळणाआड गेल्यावर ती म्हणाली, त्या पाणीपुरीवाल्या हावरट आहेत. ते म्हणाले, आहेत. ती म्हणाली, रमणीकदादा पण वाईट आहेत. यावर मात्र त्यांनी आजूबाजूला पाहून मगच मान हलवली.

आणि मग त्यांच्या व्रताच्या चौथ्या दिवशी घात झाला. मिठाशिवाय माणसाचं डोकं कसं होतं हे मोळाकत करणाऱ्या पोरींनाच माहीत असतं, चाळिशीच्या बापाला त्याची कल्पना नसते. सकाळपासून पिनाकिनभाईंचं कपाळ दुखत होतं. ड्यूटीची वेळ झाली. खुर्चीवर इस्त्री केलेला गणवेशाचा शर्ट ठेवलेला. आंघोळ करून बाहेर येतात तर शर्टावर जवाऱ्यांची टोपली, आणि टोपलीतून पाझरलेला चिखल खिशापासून कॉलरपर्यंत.

डाकोरची बस सुटली. कठड्यावरचे कावळे उडाले. हा शर्ट दिसत नाही का, डोळे कुठे असतात, आता डेपोत काय उघडा जाऊ, असं बरंच काही त्या आवाजात घरभर घुमलं. समोरच्या गॅलरीचं दार उघडलं. भाविनी गॅसपाशी थिजली. आणि स्वतःचाच आवाज कानात शिरला तेव्हा पिनाकिनभाई पांढरे पडले. संपलं, त्यांना वाटलं. इतकं अळणी खाऊन, इतकं हसं करून घेऊन, आपण पुन्हा तिथेच आलो.

हेत्वी दोन पावलं कपाटाकडे गेली. थांबली. मग वळली, आणि तिने तोंड उघडलं तेव्हा सगळ्यांना कळलं की डेपोचा आवाज पुढच्या पिढीत उतरलेला आहे.

"मला दिसला नाही शर्ट," ती ओरडली. "मला पण भूक लागलीय. मला पण मीठ नाहीये. तुम्ही एकटेच व्रत करत नाही, पप्पा."

समोर दक्षाबेनच्या हातातून वाटी पडली. भाविनीने डोळे मिटून घेतले. मुलीने बापावर असा आवाज चढवलेला त्या घराने पाहिला नव्हता. हेत्वीही दचकली होती, पण जागची हलली नाही. बापाच्या डोळ्याला डोळा देऊन उभी राहिली.

पिनाकिनभाई बनियनवरच खाली बसले. आपोआप बसले, मॅडमनी सांगितलं म्हणून नव्हे. "बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की दक्षाबेनना गॅलरीतून वाकून ऐकावं लागलं. "मी ओरडायला नको होतं. आणखी काही राहिलंय का बोलायचं?"

बरंच राहिलं होतं. वेणी घालताना आई केस ओढते. वर्गात तिच्या पुढे बसणारी मुलगी खोडरबर परत देत नाही. पप्पांच्या हेल्मेटची तिला भीती वाटते. चणिया तिला आवडत नाही, निळा हवा होता, पण कुणी विचारलंच नाही. हेत्वी बोलत सुटली, आधी ओरडून, मग नुसतं मोठ्याने, मग मांडीला मांडी लावून साध्या आवाजात, आणि पिनाकिनभाई हातातला शर्ट विसरून ऐकत बसले. भाविनीने दोनदा घड्याळ दाखवलं. त्यांनी पाहिलं नाही.

ते डेपोत उशिरा पोचले, त्याच शर्टात. खिशापाशी चिखलाचा मोठा हिरवट डाग होता. खिडकीवर गर्दी खोळंबली होती. एका कंडक्टरने आत डोकावून विचारलं, काय साहेब, हे काय झालं.

"काही नाही," पिनाकिनभाई म्हणाले. "घरी भांडण झालं. मुलगी माझ्यावर ओरडली."

हे त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं. कंडक्टरने खिडकीतून हात आत घातला आणि पिनाकिनभाईंचं अभिनंदन केलं.